डाव्या हाताची आठ बटणं

बाबा, परवा आत्याच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे केळशीत जमलो होतो. जेवणं उरकली, आणि आत्याने पुन्हा ती गोष्ट सांगायला घेतली. या वेळी तिच्या नातसुनेला. "आमच्या दादाचा उजवा हात गेला ना, तेव्हा ह्याने अख्खा कॉम्प्युटरचा खेळ फिरवून दिला त्याला, डाव्या हातासाठी. जेमतेम अठरा वर्षांचा होता तेव्हा. दादा रडला होता गो!" सगळ्यांनी तुमच्या पुतण्याकडे कौतुकाने पाहिलं. आता त्याला टक्कल पडलंय. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून ताटलीतली खांडवी कुस्करत बसला. मी उष्टी भांडी उचलून मागच्या मोरीवर गेले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, मी स्वतः चाळिशी ओलांडली, आणि तरी मला तुमचा इतका राग येतो. तो खेळ मी बदलला होता, बाबा. त्यातली एकूण एक ओळ मी बदलली होती. आत्याला ते माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं का, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

पोफळीच्या कॉलनीतली आपली खोली आठवते. तुम्ही पॉवरहाऊसच्या कंट्रोल रूममधून पाळी संपवून यायचे, डोंगराच्या पोटातून उन्हात आल्यावर डोळे किलकिले करत, आणि आंघोळ झाली की कॉम्प्युटरसमोर बसायचे. कुणा इंजिनियरने तुम्हाला एक सीडी दिली होती. तिच्यावर तो जुना खेळ होता, भुयारात मजला मजला करत खाली उतरत जायचा. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आणि खुणा. रेघा म्हणजे भिंती, ठिपके म्हणजे जमीन, इंग्रजी डी म्हणजे कुत्रा नाहीतर कोल्हा, आणि आपण स्वतः म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते वेटोळं. तुम्ही त्याला चकली म्हणायचे. "आज माझी चकली नवव्या मजल्यापर्यंत उतरली," असं आईला सांगायचे, आणि आई पोळी लाटता लाटता "बरं" म्हणायची. मी बारा वर्षांची असताना तुम्ही मला शेजारी स्टूल दिलंत. चालायचं कसं ते शिकवलंत: एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे, आणि तिरकं जायला वाय, यू, बी, एन. मी एकदा बाणांच्या बटणांकडे हात नेला तर तुम्ही फूटपट्टीने बोटांवर मारलंत. "हात उचलायचा नाही. बोटं इथेच ठेवायची, मधल्या ओळीवर. बाणांनी लहान पोरं खेळतात." मी लहान पोरच होते. पण मला ते आवडलं होतं, हेही लिहिते. तुमचा उजवा हात त्या ओळीवर कसा फिरायचा! बघता बघता चकली बोळ ओलांडून, दार उघडून, कोल्ह्याला चुकवून पलीकडे. तुम्ही मला वाढवताना ज्या गोष्टी हौसेने शिकवल्यात, त्यांतली ही एकच मला आठवते.

मी अकरावीची परीक्षा दिली त्या मार्च महिन्यात तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दोन महिन्यांनी पाय थोडा ओढत चालू लागलात, जीभ जड झाली तरी बोलता येऊ लागलं, पण हात परत आला नाही. नोकरी सोडावी लागली, कॉलनीतली खोली रिकामी केली, आणि आपण केळशीच्या घरी आलो. कॉम्प्युटर टेम्पोत गाद्यांच्या मध्ये ठेवून आणला. पहिल्या दिवशी तुम्ही खुर्चीवर बसलात, उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवलात, आणि डाव्या हाताची बोटं मधल्या ओळीवर नेलीत. मी दारात उभी होते. चकली भिंतीवर आपटली. परत आपटली. डावीकडे म्हणून दाबलंत ते खाली गेलं, तिरकं जायचं होतं ते वर. ती सगळी ओळख उजव्या हातात होती आणि तो हात तर तुमच्या मांडीवर पडून होता. दुसऱ्या मजल्यावर एका साध्या उंदराने तुम्हाला मारलं. मी म्हटलं, "बाबा, बाणांनी खेळा ना." तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात आणि पडवीत जाऊन बसलात, आणि त्यानंतर तीन महिने तसेच बसून राहिलात. आई पेज पुढे ठेवायची, तुम्ही ती निवू द्यायचे.

मी सकाळी दापोलीला कॉलेजला जायचे आणि दुपारी दीडच्या एसटीने यायचे. तुम्ही झोपलेले असायचे तेवढ्या वेळात मी त्या सीडीवरचा सोर्स उघडून बसायचे. खेळ ज्या ओळींनी बनला त्या सगळ्या ओळी त्यात होत्या, कुणीही वाचाव्यात, हव्या तशा बदलाव्यात म्हणून उघड्या ठेवलेल्या. चिपळूणच्या क्लासमध्ये सुट्टीत दोन महिने सी, म्हणजे तो खेळ ज्या भाषेत लिहिलाय ती, शिकले होते, तेवढ्याच शिदोरीवर. मला वाटलं होतं, चालायची आठ अक्षरं बदलायची, संध्याकाळपर्यंत होईल. एस हे बटण मध्ये धरलं, त्याच्या भोवती क्यू, डब्ल्यू, ई, ए, डी, झेड, एक्स, सी. वर जायचं तर वरचं बटण, तिरकं जायचं तर तिरकं. नवं काही पाठ करायला नको, डावा हात तिथेच असतो. पण ती आठही अक्षरं आधीच कामाला लागलेली होती. ई म्हणजे खाणं, क्यू म्हणजे पिणं, डब्ल्यू म्हणजे शस्त्र हातात घेणं, डी म्हणजे टाकणं, सी म्हणजे दार लावणं. प्रत्येकाला तिथून उठवून जुन्या चालायच्या अक्षरांवर नेऊन बसवायचं, आणि ते खेळात जिथे जिथे येतं तिथे तिथे शोधायचं. एक ठिकाण राहिलं की चकली चालायच्या ऐवजी तलवार टाकून द्यायची. मी वहीत तक्ते केले. माझं रसायनशास्त्र राहिलं. अडीच महिने लागले, बाबा. ज्या दुपारी चकली पहिल्यांदा आठही दिशांना नीट चालली, तेव्हा मी पदर खोचून कपडे वाळत घालणाऱ्या आईला ओढत आणून दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण ती हसली.

मी त्या आठ बटणांवर कागदाचे छोटे बाण डिंकाने चिकटवले आणि तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, उभ्यानेच बघितलंत.

"हे काय?"

"आता डाव्या हाताने खेळता येईल. मी बदललाय खेळ. बसा ना, दाखवते."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही. मीच."

"चांगला चालणारा खेळ मोडून ठेवलास." एकेक शब्द तोंडातून खेचून काढावा लागत होता, तरी तुम्ही तो काढलात. "बापाच्या हाताचा तमाशा लावलायस. काढ ते कागद. तुझं काम नव्हे हे. जा, चहा ठेव."

मी कागद काढले. नखाने खरवडून काढले. चहाही ठेवला. तुम्ही बटणाला बोटसुद्धा लावलं नाहीत. बघून मग नाही म्हणाला असतात तर गोष्ट वेगळी होती.

पंधरा दिवसांनी गणपतीला काका मुंबईहून आले, बरोबर तुमचा पुतण्या. इंजिनियरिंगला जाऊन त्याला महिना झाला होता, आणि पडवीत आल्यापासून तुम्ही त्याला "इंजिनियर" अशीच हाक मारत होता. तुम्ही किती दिवसांनी हसलात ते मी बघितलं, आणि माझ्या डोक्यात ते आलं. ही कल्पना माझी होती, हे मी कबूल करते. त्याला मागच्या माडांच्या आगरात नेलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आमचं अजून ड्रॉइंगच चाललंय."

"तुला काही करायचं नाहीये. दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बस आणि मग सांग की तू केलंस."

"काकांना फसवायचं?"

"त्यांना खेळायला हवं. ते मरतायत असे बसून बसून."

त्याने ऐकलं. वाईट मुलगा नव्हता तो. गौरीच्या दिवशी त्याने तुम्हाला हाताला धरून आणलं, आणि तुम्ही बसलात. बसलात, बाबा! त्याने सांगितलं तशी बोटं ठेवलीत, आणि चकली चालली. बोळातून गेली, दार उघडलं, तिरकी कोपऱ्यातून निसटली. तुम्ही हसत होता आणि तोंडाच्या उजव्या कडेतून लाळ येत होती आणि डोळ्यांतून पाणी. गणपतीला आलेली आत्या पुसत होती. "शाब्बास," तुम्ही म्हणालात, "रक्तातच आहे." माझ्यात कुणाचं रक्त होतं? मग आईला तुमचं पेन आणायला सांगितलंत. कंट्रोल रूमचं लॉगबुक ज्याने वीस वर्षं भरलंत, तासातासाचे आकडे ज्याने लिहिलेत, ते काळं शाईचं पेन. मला दहावीलाही ते हाताळू दिलं नव्हतंत. ते तुम्ही त्याच्या खिशाला लावलंत. तो "नको काका, नको" म्हणत होता, आणि सगळ्यांना वाटलं, किती विनयी मुलगा!

मला सांगा, तुम्ही ओळखलं नाहीत? त्या आठ बटणांवर माझ्या डिंकाचे डाग होते. नेमक्या त्याच आठ. तुमची बोटं रोज त्यांच्यावरून फिरत होती. लाख सुयांपैकी एक सुई अर्ध्या रेघेने हलली तरी तुम्हाला कंट्रोल रूममध्ये दिसायची, असं तुम्हीच अभिमानाने सांगायचे. मग हे दिसलं नाही? नसेल दिसलं तर तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आणि दिसलं असेल तर त्याहून वाईट. माझ्या हातून आलं तेव्हा ती मोडतोड होती, त्याच्या हातून आलं तेव्हा हुशारी झाली.

बारावीनंतर मी म्हटलं, मला कॉम्प्युटरला जायचंय. मार्क होते. तुम्ही खेळता खेळताच, मान न वळवता म्हणालात, "डीएड कर. दोन वर्षांत शाळा मिळेल. मुलीला ते बरं." त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तुमच्यासमोरच्या पडद्यावर माझी अडीच महिन्यांची मेहनत चालत होती आणि मी तिच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. स्वयंपाकघरात आईजवळ रडले. आई म्हणाली, "सांगितलंस तर ते पुन्हा हात लावायचे नाहीत त्याला. जाऊ दे गो. जीव रमलाय त्यांचा." तिचंही खरं होतं, म्हणून मी तिच्यावरही चिडले. मी डीएड केलं. आंजर्ल्याच्या बाजूला शाळा मिळाली, तिथून बदलीने तीन गावं झाली. चांगली शिकवते. शाळेतले कॉम्प्युटर बिघडले की तालुक्यातून मला फोन येतो. लोक म्हणतात, बाई, तुम्ही इंजिनियर व्हायला हवं होतं. मी हसते. हे हसणं मला जमतं, आणि त्याचाही राग येतो.

परवा मोरीवर तुमचा पुतण्या मागून आला. म्हणाला, "आज सांगून टाकतो सगळ्यांना. मला आता सोसत नाही." मी म्हटलं, "आत्याला पंचाहत्तरीला खोटं पाडतोस? राहू दे." मग त्याने विचारलं, "तू काकांना कधीच का नाही सांगितलंस? शेवटच्या वर्षी तरी?" मी म्हटलं, त्यांना त्रास झाला असता. हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, म्हणजे मला स्वतःला. तुम्ही शांतपणे गेलात, मुलीने सोसलं, छान दिसतं ते.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. माझ्याकडून एक ओळ राहून गेली होती. शिफ्ट धरून दिशेचं बटण दाबलं की चकली त्या दिशेला धावत सुटायची, पण खाली उजवीकडे तिरकं धावायला शिफ्ट आणि सी दाबलं की ती धावायची नाही. खेळ थांबून विचारायचा, कशाला नाव द्यायचंय? तुम्ही वैतागायचे, एस्केप दाबायचे, मग एकेक पाऊल टाकत जायचे, आणि त्यात कितीदा मागून कुणीतरी येऊन मारायचं. "इंजिनियर आला की सांगू," म्हणायचे. तो दर गणपतीला यायचा, पडद्याकडे बघायचा, "बघतो काका" म्हणायचा आणि माझ्याकडे पाहायचा. मला ती ओळ कुठे आहे ते माहीत होतं. बदलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. सात वर्षं मी ती बदलली नाही. तुम्ही तिकडे वैतागायचे, आणि मी आत भाजी चिरत ऐकायचे, बाबा, आणि मला बरं वाटायचं.