माझ्याच्यानं न हललेलं कपाट

सगळ्यात आधी आल्या त्या कडक बाई. ठरल्या वेळेच्याही आधी, मी अजून ओले केस पंच्याने झटकत होते तेवढ्यात. त्यांच्यामागून, जिन्याचा कठडा जागोजागी हलवून बघत, जपूनकाका. (खरं नाव त्यांनी सांगितलं, पण तोंडात सारखं "जपून, जपून", म्हणून मी आपलं तेच लक्षात ठेवलं.) आणि आमची नात कुठे? तर नकाशा मोठा छापून आणायला दुकानात! घरात मी एकटी आणि दारात तिची परीक्षा घ्यायला आलेली ही दोन माणसं.

थांब हं, आनंदाच्या भरात तुझी विचारपूस राहूनच गेली. प्रिय धाकटे, तुला आणि तुझ्या यजमानांना पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? त्यांचा खोकला गेला की अजून शेजाऱ्यांना जागं ठेवतो? मी ठणठणीत आहे. कंबर तेवढी धरली आहे, पण ती का धरली ते पुढे येईलच.

नातीचं काम मी तुला फोनवर सांगितलं होतं. पण तू "हो, हो" म्हणतेस तेव्हा तुला काही कळलेलं नसतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगते. ती जंतूंच्या लॅबचे आराखडे काढते. डोळ्यांना न दिसणारे जंतू तिथे काचेच्या चपट्या बशांत वाढवतात आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते बघतात. (आपण आयुष्यभर घासून घासून घालवले, ते ही मंडळी लाडाने वाढवतात. असो.) आजवर अशा लॅबमध्ये भिंतीला धरून पक्के ओटे असत. नवी साथ आली, नवं यंत्र आलं, की ओटे फोडा, धूळ उडवा, काम बंद ठेवा. आमच्या पोरीने म्हटलं, ओटे नकोतच, टेबलांना चाकं लावू. वीज, गॅस सगळं छतातून खाली सोडायचं, टेबल जिथे नेशील तिथे वरून जोडायचं. फक्त एक कपाट मात्र अजिबात हलायचं नाही. त्याला मी हवेचं कपाट म्हणते. त्याच्यात हात घालून जंतूंचं काम करतात आणि आतली हवा अशी खेचलेली असते की जंतू माणसाच्या तोंडावर येत नाहीत. ते दाराजवळ नाहीतर पंख्याखाली ठेवलं की हवा बिघडली, आणि जंतू बाहेर!

आता हे सगळं आधी खोटं-खोटं मांडून दाखवायचं असतं, प्लायवूडचं, खऱ्या मापाचं. ते तिने कुठे मांडावं? माझ्या हॉलमध्ये! सोफा गॅलरीत, टीव्ही माझ्या पलंगावर, आणि छताला वेलींसारख्या लोंबणाऱ्या तारा. मी विचारलं, अगं तुमच्या ऑफिसात जागा नाही का? तर म्हणाली, आहे, पण तुझ्याकडेच बरं. मी म्हटलं, किती माया! कडक बाई त्या लॅबच्या मुख्य आणि जपूनकाका तिथली सुरक्षा बघणारे. त्यांना पक्के ओटेच हवे होते. त्यांनी "हो" म्हटलं तर लॅब नातीच्या मनासारखी, "नाही" म्हटलं तर तिच्या हातचं पहिलं स्वतंत्र काम कागदावरच राहणार. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती गं. विचारलं की म्हणे, भूक नाही.

तुला माझा स्वभाव ठाऊकच आहे. घरातल्या वस्तू जागच्या जागी दिसल्या की माझे हात शिवशिवतात. (आमचे हे एकदा पेपर वाचत वाचत खुर्चीवर बसायला गेले आणि खुर्ची मी सकाळीच खिडकीशी नेलेली. पुढचे दोन दिवस ते उभ्यानेच पेपर वाचत होते, निषेध म्हणून.) तर पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी मी जरा नीटनेटकं करायला घेतलं. टेबल ओढलं, हलेना. वरची तार उपटली, तर असं सरकलं की मीच त्याच्यामागून धावले. मग काय, सगळी टेबलं हॉलच्या मधोमध गोल मांडली, पाहुणे समोरासमोर बसले की गप्पा होतात. एकाला चारखान्याचं कापड घातलं, वर चहाचे कप, बिस्किटं. कपाट काळोख्या कोपऱ्यात होतं, म्हटलं त्यालाही दाराशी आणू, जरा वारा लागेल.

तर बाई आत आल्या आणि कपांकडे असं बघत उभ्या राहिल्या की मला वाटलं पाल पडली. म्हणाल्या, लॅबमध्ये खाणंपिणं चालत नाही. मी म्हटलं, अहो हा माझा हॉल आहे! तर म्हणाल्या, "आत्ता लॅब आहे." तेवढ्यात माझ्या कमरेत चमक आली, तर जपूनकाका "जपून!" म्हणत मला आधार द्यायला पुढे आले आणि जमिनीवरच्या पट्टीला अडखळून थेट बिस्किटांवर. (टेबलं कपाटाच्या फार जवळ जाऊ नयेत म्हणून नातीने जमिनीला बोटभर उंचीची पट्टी ठोकली होती.) आणि नेमकी त्याच क्षणी नात दारात! तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. बाई म्हणाल्या, हेच तर मी सांगत होते, चाकं दिली की कोणीही उठतं आणि काहीही कुठेही नेतं, पक्के ओटेच बरे. धाकटे, त्या क्षणी मला त्या कपाटात शिरून दार लावून घ्यावंसं वाटलं. पोरीच्या कामावर मीच पाणी ओतलं होतं.

पण ती रडली नाही. तिने आधी काकांना उठवलं, मग मला एवढंच विचारलं, "आजी, कपाट हलवायला बघितलंस?" खोटं कशाला बोलू? म्हटलं, बघितलं. "किती जोर लावलास?" म्हटलं, होता तेवढा, कंबर धरली बघ. "मग?" मग काय, मेलं हललंच नाही! आजवर माझ्यापुढे टिकलेलं हे पहिलं कपाट. तेव्हा ती बाईंकडे वळून म्हणाली, मॅडम, ही मांडणी मी मुद्दाम हिच्या घरी केली. हिच्या हातून जे जागेवर राहील ते तुमच्याकडेही राहील. कपाट भिंतीला बोल्टने आवळलंय, आणि टेबलाची तार जोडलेली असेपर्यंत त्याचा ब्रेक सुटत नाही.

(माझ्या भिंतीला भोकं! पण ते नंतर बोलेन.) आता तूच सांग, मी चिडावं की अभिमानाने फुगावं? मी फुगले.

बाईंनी स्वतः तार जोडून टेबल ढकललं, हललं नाही. तार काढून ढकललं, तर दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. चेहरा कडकच, पण तिसऱ्या फेरीला जराशा गुणगुणत होत्या, मी ऐकलं. शेवटी म्हणाल्या, मंजूर, फक्त ती पट्टी काढा. नात म्हणाली, पट्टी जाईल, त्याऐवजी कपाटापुढे छतातून तारच सोडायची नाही, मग टेबल तिथे नेऊन उपयोगच काय. काका गुडघा चोळत म्हणाले, हे उत्तम. चहा मग सगळ्यांनी स्वयंपाकघरात उभ्याने घेतला आणि पोरगी भाताच्या पातेल्यावर अशी तुटून पडली की माझे डोळे भरून आले. सुटले गं बाई मी!

तुझी,
थोरली

ता. क. भिंतीच्या भोकांवर मी घड्याळ लावायचं ठरवलंय. नात म्हणते, अजून नको.

ता. क. आणखी एक. पट्टी काढल्यावर बाईंना पुन्हा बघायचं आहे आणि त्यांची अट अशी की त्या वेळी आजींना हॉलमध्ये मोकळं सोडायचं. पण तोवर नातीने मला तिथल्या एकाही वस्तूला हात लावायची बंदी केली आहे, आणि माझा सराव मोडतोय. म्हणून उद्या तुझ्याकडे राहायला येते. तुझा तो भला मोठा पलंग चुकीच्या भिंतीला आहे हे मी कधीचं म्हणतेय. यजमानांना सांगून ठेव, बसण्याआधी मागे वळून बघत जा. फार दिवस नाही राहणार, पाहुणे गुरुवारी यायचं कबूल करून गेलेत.