पिस्तूल नव्हे म्हणे

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरला नाही. वरातीत बंदूक उडवायची नाही, एवढंच गल्लीनं ठरवावं म्हणून आजची बैठक मीच बोलावली होती. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका वरातीत हवेत झाडलेली गोळी आमचा पत्रा फोडून आईच्या खाटेवर पडली. ती चहा ठेवायला उठली होती म्हणून वाचली.

मी म्हटलं, "वरातीत पिस्तूल आणणं बंद करा." ती गोळी झाडणारे, त्या नवरदेवाचे काका समोरच बसलेले. हसले. "आवो ताई, ते पिस्तूल न्हाय, रिव्हॉल्व्हर हाय. आदी नाव तर नीट शिका की."

सगळे हसले. मग अर्धा तास तेच. चक्र कसं फिरतं, लायसन कशाचं, गावठी कट्टा कशाला म्हणतात. मला हे कशाला यायला हवं? पत्र्याचं भोक मी रोज बघते, ते पुरत नाही? आणि मीही मूर्खासारखी मोबाईलवर फोटो शोधून वाद घालत बसले. भोकाचा विषय राहूनच गेला. सगळे उठून गेले.

घरी आले तर आई त्याच भोकाखाली खाटेवर बसलेली.

"काय ठरलं गं?"

"रिव्हॉल्व्हर ठरलं," मी म्हटलं.

ती उठली आणि खाट भिंतीकडं ओढायला लागली.