रांगेतली रिकामी जागा

३ जून
पनवेलच्या गोदामात आज मुकादम म्हणून रुजू झालो. उरणला आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिल्या, आता खुर्ची मिळाली. तिकडचं सगळं सोडून आलोय. चंद्रावतीने खांदा कॉलनीतल्या नव्या खोलीत शिरा केला. माणसं झकास. कंटेनर रिकामा करताना रांग धरतात, खोकं पुढच्याच्या हाती देताना ‘घे’ म्हणतात. कान माझे तिखट. संध्याकाळपर्यंत आवाजावरून प्रत्येकाला ओळखायला लागलो.

९ जून
मालक निम्मी माणसं कमी करणार. कोण, ते सांगत नाहीत. मॅनेजर देवेश साहेबांना विचारलं तर म्हणाले, कळवू. कळवायची इथली रीत म्हणजे सकाळी हजेरीच्या मशीनवर अंगठा लागत नाही, बस्स. आज हरेशचा लागला नाही. घामाने असेल म्हणाला, अंगठा पँटला पुसत कामाला लागला. त्याच्याकडे कोणी बघेना. मी चहाला हाक मारणार, तोच रांगेतला बळीराम कानाशी लागला : मुकादम, त्याच्याशी बोलू नका, नाय तं तुमचा पन अंगठा जाईल.

१४ जून
हरेश दिसत नाही. घरी बसला म्हणावं, तर रांगेत त्याचं ‘घे’ ऐकू येतं. दोघांमधल्या रिकाम्या जागेत खोकं क्षणभर थांबतं, मग पुढे जातं. बाकीचे मान खाली घालून. काम दुप्पट उरकतंय, साहेब खूश.

१७ जून
रांग अर्धी झाली. आवाज तेवढेच. न राहवून म्हटलं, हरेश, घरी जा रे बाबा. रिकाम्या जागेतून दमलेला आवाज आला, मुकादम, साहेबांना सांगा ना, मी दुप्पट उचलतो —
बळीराम माझ्यापासून लांब सरकला.

१८ जून
अंगठा लागला नाही. पुसला. परत नाही. साहेबांसमोर उभा राहिलो. माझ्या आरपार बघत त्यांनी मागच्या पोराला पंखा लावायला सांगितलं.

२० जून
चंद्रावती शेजारणीला सांगत होती, ह्यांचा पत्ता नाही. मी समोर बसून. ताट एकच —

२३ जून
सगळ्यांपेक्षा जास्त उचलतोय. कधीतरी बघतील. बघायलाच —

बहुतेक २६
साहेब फोनवर म्हणाले, नवा मुकादम कशाला, त्याच्यावाचून काम चाललंय. चाललंय, कारण मी करतोय. हात लावलाच नाही तर कळेल त्यांना. आज नाही लावायचा. बसूनच राहतो.
भोंगा झाला. उठायचं नाही. नाही उठत मी. पण हे हात खोक्याकडे —