पंधरावं अस्वल

ग्रीस फिओर्ड, ता. ११ मे

चि. सौ. लीटियास अ. उ. आ.

मोजणीवरची तुझी जागा गेल्याचं कळलं. कॅनडा आणि ग्रीनलंड यांनी मिळून अस्वलं मोजायची, त्यात एका हेलिकॉप्टरात आपण भावंडं. पुढं मी, मागं तू. माझी पंधरा, तुझी सहा. पुढच्या वसंतात आपल्यातला एकच जाणार, तो मी. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझी तक्रार पोचली. एकाचं ऐकून दुसऱ्यानं नोंद करू नये म्हणून अस्वल मागे पडेपर्यंत दोघांनी गप्प राहायचं ठरलं होतं, मी दर वेळी ओरडलो आणि तुझी नोंद बाद झाली, म्हणतेस. अगं, आपल्यात अस्वल ज्याला आधी दिसलं, कातडं त्याचं. न ओरडता कसं चालेल? जन्माची सवय ती.

खरं सांगू? बाबा गावभर सांगत सुटतात, ‘माझी नजर लीटियानं घेतली.’ तीस वर्षं त्यांच्याबरोबर बर्फावर मी. तू लग्न करून समुद्रापलीकडे. तरी नजर तुझी! नुसता जळतो मी. आता तरी ते गप्प बसतील.

पोराबाळांना पापा. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा दादा,
इमुशी

कानाक, ता. ३ जून

ती. इमुशीदादास सा. न. वि. वि.

पत्र तीन आठवड्यांनी मिळालं. जळण्यात मीही मागे नाही बरं. बाबांनी कौतुक माझ्या नजरेचं केलं, गाडी ओढणारे कुत्रे मात्र तुला दिले आणि मला कातडी शिवायला बसवलं.

म्हणून पुढचं लिहिताना थोडं बरंही वाटतंय. समोरच्या काचेत तुला माझा हात दिसायचा. अस्वल दिसून मी नोंदीला पेन्सिल उचलली की तू आधी ओरडायचास, मग अस्वल शोधायचास. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पंधराव्या वेळी माझी पेन्सिल घरंगळली, म्हणून मी ती धरली. तू ओरडलास. खाली नुसता बर्फ होता, दादा. धुकं दाटलं, वैमानिक मागे वळला नाही, तुझ्या शब्दावर नोंद झाली.

मी का गप्प बसले? तू तोंडावर पडावास म्हणून. पण आता झोप लागत नाही. याच आकड्यावर दोन्ही देश शिकारीचा वाटा ठरवणार. नसलेल्या अस्वलापायी एखादं असलेलं जास्तीचं मरेल. मी कळवणार नाही. तू काय ते बघ.

राग धरावा, पण पत्र लिहावं.

तुझी,
लीटिया

ग्रीस फिओर्ड, ता. २७ जून

चि. सौ. लीटियास आशीर्वाद.

दोन दिवस तुला शिव्या घातल्या. मग मोजणीच्या कचेरीत जाऊन सांगितलं की पंधरावं मी पाहिलंच नव्हतं. तिथल्या बाईंनी विचारलं, बाकीची? त्यातली माझी किती आणि तुझ्या पेन्सिलीची किती, मलाही सांगता येईना. पंधराही माझ्या नावावरून काढली. उरलेल्या चौदांबद्दल तुला विचारणारं पत्र येईल. आठवेल तसं खरं लिही.

बाबांना तूच पत्रानं कळव. ऐकताना त्यांचा चेहरा मला बघायचा नाही.

जागा तुला मिळाली. मला आनंद झाला, असं मात्र लिहीत नाही. नसलेलं दिसल्याचं एकदा सांगून झालंय.

जळतोय तरी तुझाच,
इमुशी