काटा घासलेले गळ

माय, तुझ्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरा वण होता. बाया विचारायच्या तेव्हा "इळा लागला" म्हणून तू मोकळी व्हायचीस. तो विळ्याचा नव्हता हे तुला, अप्पांना आणि मलाच ठाऊक होतं. तुम्ही दोघं जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. आज सांगायला हरकत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

अप्पांना गळ टाकून मासे धरायचा नाद होता. गेवराईच्या पलीकडे आपलं गाव, शेताच्या बांधावरून गोदावरी दिसायची. जमीन चांगली होती, पोटासाठी मासे धरायची गरज त्यांना कधीच नव्हती. जमिनीच्या एका जुन्या दाव्यापायी त्यांना औरंगाबादच्या अदालतीत खेटे घालावे लागत, आणि दाव्याचं काही होवो न होवो, छावणीच्या बाजारातून ते काहीतरी घेऊनच परतत. कधी दोरा गुंडाळायची पितळी चकरी, कधी एकात एक बसणारी वेताची काठी, शिशाचे मणी, पाण्यावर तरंगत ठेवायला मोरपिसाचे देठ, आणि कागदाला टोचून ठेवलेले लहानमोठे गळ. गाडीतून उतरताना ते पिशवी उपरण्याखाली झाकायचे. तुला ती दिसायचीच. तू एवढंच विचारायचीस, "आता ह्ये कुठं ठिवायचं?"

तू माळकऱ्याची लेक. गळ्यात तुळशीची माळ घालूनच या घरात आलीस आणि मासा उंबऱ्याच्या आत येणार नाही हे तू पहिल्याच वर्षी ठरवून टाकलंस. अप्पांनी ते पाळलं. धरलेला मासा ते काठावरच्या कोळ्यांना देऊन टाकत. पण सामान आत येत राहिलं. आधी कोठीचा एक कोपरा, मग फडताळ, मग आढ्याला टांगलेल्या काठ्या. सारवताना तू म्हणायचीस, "घर माझं हाय का गळाचं?" अप्पा म्हणायचे, "दोघांचं." तू हसायची नाहीस.

त्या दिवशी तू कोठीतल्या मोठ्या टोपलीतून डाळीचं गाठोडं काढायला हात घातलास. अप्पांनी त्याच्याखाली गळाचा कागद सरकवून ठेवला होता. मला आजही ते समोर दिसतं. तू ओरडत नाहीस. ओट्यावर येतेस, अप्पांसमोर बसतेस आणि हात पुढे करतेस. गळ मांसात पुरता रुतलाय. त्याच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. त्यामुळे तो मागे ओढता येत नाही. माशाच्या तोंडातून गळ काढणं अप्पांच्या हातचा मळ होता, पण तुझा हात त्यांना एका जागी धरता येईना.

"पुढं ढकलून काटा बाहीर काढावा लागंल," ते म्हणाले. "मग तोडायचा."

"मग काढा की. हात कावून कापायलाय तुमचा?"

"लई दुखंल तुला."

"दुखायलंच हाय."

त्यांनी काढला. तू डोळे मिटले नाहीस. मी हळद दाबून चिंधी बांधली. अप्पा आत गेले, सगळं सामान एका पोत्यात भरलं आणि पोतं खांद्यावर टाकून निघाले. तू दारात आडवी उभी राहिलीस.

"कुठं निघालात?"

"डोहात टाकून येतो. लई झालं."

"न्हाई टाकायचं," तू म्हणालीस. "माझ्या हातात गेला म्हणून टाकायलात. मासोळीच्या तोंडात जात हुता तवा न्हाई सुचलं?"

अप्पांनी पोतं खाली ठेवलं आणि त्याच्याच शेजारी बसले. म्हणाले, "मग काय करू, तूच सांग."

"मासा खायची आस हाय का तुमाला?"

"न्हाई गं. निस्तं बसायला आवडतं. दोरा हालला की जीव हालतो बघ."

"मग काटे घासा. समदे. अन् धरला तर सोडून द्या."

पुढचे कितीतरी दिवस अप्पा ओट्यावर कानस घेऊन बसत. घासलेला गळ ते तुझ्याकडे द्यायचे, तू डाव्या हाताच्या बोटानं चाचपायचीस, खरखर लागली की परत त्यांच्या मांडीवर टाकायचीस. थोरले चुलते पारावर चारचौघांत म्हणाले, "काय बे, बायकोनं गळाचे दात पाडले का तुझ्या?" अप्पा म्हणाले, "व्हय. तिनं सांगितलं, म्या पाडले." बायकोच्या शब्दात राहणारा भाऊ नको म्हणून त्यानंतर चुलत्यांनी आपल्याकडचं येणंजाणं बराच काळ तोडलं. अप्पांनी काटे घासायचं सोडलं नाही. आणि तू सुताराला बोलावून कोठीत एक लांब फळी ठोकून घेतलीस, डाळीची मडकी हलवलीस आणि सगळं सामान स्वतःच्या हातानं तिथे मांडलंस.

मग अप्पांची नजर अधू झाली. गळाच्या भोकातून दोरा ओवता येईना. एका सकाळी ते काठी फळीवर परत ठेवत होते, तेवढ्यात तू डोक्यावर पदर घेतलास, कणकेचा गोळा फडक्यात बांधलास आणि म्हणालीस, "चला." त्या दिवसापासून दोरा तू ओवायचीस. मासा लागला की आधी हात पाण्यात भिजवायचीस, मग गळ सोडवून त्याला पाण्यात हळूच सोडायचीस. भजनातल्या बायांनी तुला माळ उतरवायला सांगितली. तू म्हणालीस, "मी धराया जात न्हाई. सोडाया जाते." माळ शेवटपर्यंत गळ्यात राहिली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुला अक्षर येत नव्हतं, घरात आलेला कागद अप्पाच, पुढे पुढे भिंग धरून, तुला वाचून दाखवायचे. खरं सांगू? माहेरी आले की मी धुणं घेऊन मुद्दाम तुम्ही गळ टाकून बसायचात त्याच घाटावर यायचे, तुम्हा दोघांना पाठमोरं बघायला. हे अप्पांनी वाचायचं आणि तू ऐकायचं, याची मला लाज वाटायची. तुम्ही होता तोवर म्हणूनच लिहिलं नाही.