माझ्यामुळे वाढलेले तीस

ता. कुरखेडा, जि. गडचिरोली
१६ नोव्हेंबर २०२४

थोरल्या जाऊबाई भागीरथाबाई यांना धाकट्या जावेचा, गुणाचा, नमस्कार.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. धान कापून झाला, चुरणं बाकी आहे. यांची कंबर धरली होती, आता मोकळी झाली. तुमच्या बांधीत यंदा धान चांगला उतरला म्हणतात. उतरू द्या.

चिठ्ठी तुमच्या दिव्यानीच्या हाती देऊन राह्यली. भाताच्या शितांनी चिकटवली आहे, पोट्टीनं वाचू नये म्हणून. तुमी सातवी शिकल्या आहात, हळूहळू वाचा, पण एकट्या वाचा. आपल्या घराची भिंत एक, तरी लिवाव लागते. मी आंगणात दिसली का तुमचं दार लागते.

परवाच्या शिबिराचं लिवते. मी गावची आशा सेविका, म्हणून डॉक्टरनं बीपीचा पट्टा बांधाले मलेच सांगतलं. मशीननं दोनशे दहा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बाईले पाच मिनिटं शांत बसू द्या, अन् मले गोळ्यांचे खोके आणाले बाहेर धाडलं. मी खिडकीपाशीच थांबली. दुसऱ्यांदा सिस्टरनं पट्टा बांधला तर एकशे ऐंशी. मी नव्हती तर तीस कमी.

खोटं काऊन सांगू, बाई, मले गजब आनंद झाला. शिबिरभर मी मनात तीस, तीस म्हणत होती.

पंधरा वर्सं झाली. माझं लेकरू अकरा दिवसांचं होऊन गेलं, त्याले तवा तीनच महिने झाले होते. तुमच्या दिव्यानीचं बारसं होतं. मी रडत रडत टोपडं शिवलं होतं. बायांनी आंगण भरलं होतं, अन् तुमी सगळ्यांसमोर माझा हात धरून सांगतलं, "जिचं लेकरू टिकलं नाई, तिनं पाळण्याले हात लावू नये." जिभेले हाड नाई म्हणतात ते असं. मी घरी येऊन टोपडं चुलीत घातलं.

त्याच रागानं मी आशाचा फॉर्म भरला. पाळण्याले हात लावू देत नाई काय, मग गावात एक पाळणा माझ्या हाताशिवाय हलणार नाई, असं ठरवलं. पावसात, चिखलात, बैलबंडीत घालून बाया दवाखान्यात नेल्या. पाय दुखले का तुमचं बोलणं आठवाव, अन् उठाव. लोक म्हणत, गुणाबाई सेवा करते. कायची सेवा!

मंग मागच्या वर्षी शाळेत मी रक्तवाढीच्या गोळ्या वाटल्या. दिव्यानीनं गोळी माझ्यासमोर खिडकीबाहेर फेकली. म्हणे आईनं सांगतलं, काकूच्या हातचं खाऊ नको.

यंदा पोळ्याच्या अमावसेले तुमच्या उंबऱ्यावर कापलेलं निंबू, कुंकू अन् सुई सापडली ना? ती मी ठेवली. मंतर-बिंतर मले काईच येत नाई. बाजारातून डझनभर निंबं आणली होती, बाकीच्यांचं लोणचं घातलं. आमी ते अजून खाऊन राह्यलो.

तुमची झोप गेली, डोकं ठणकाले लागलं. पुजाऱ्यानं घरच्याच माणसाची करणी सांगतली, अन् तुमी दवाखान्याच्या बीपीच्या गोळ्या बंद केल्या. मी सगळं पाहून राह्यली होती. मले गोड वाटे.

परवा डॉक्टर म्हणाले, असंच राह्यलं तर लकवा मारेल, जीव बी जाईल. तुमी म्हणल्या, "करणीवर गोळी काय करते, साहेब?" मी तिथीच उभी होती. तोंड उघडलं नाई.

शिबिर संपल्यावर सिस्टरनं मलेच पट्टा बांधला. एकशे शहात्तर. विचारलं, कायचं टेन्शन आहे बाई तुमाले? इतकी वर्सं ज्या रागावर उठली-बसली, त्यानंच माझी बी नस फुगवली. आता तुमची बंद झालेली तीच गोळी मी खाऊन राह्यली.

करणी नाई, बाई. निंबू होतं. डोकं ठणकते ते बीपीनं अन् माझ्या भेवानं. हे मी कीव येऊन लिवत नाई. तुमी गेल्या तर गाव म्हणेल, गुणानं खाल्ली. अन् मले नाई म्हणता येणार नाई.

ही चिठ्ठी ग्रामसभेत वाचा, पोलीस पाटलाले दाखवा. माझं काम जाईल, जाऊ द्या. पण उद्या सकाळी आठ वाजता मी गोळी घेऊन येते. रोज येणार. माझं तोंड पाहाचं, माझ्या हातचं पाणी घ्याचं, माझ्यासमोर गिळाचं. भाऊजींनी अडवलं तरी मी उंबऱ्यावर बसून राहीन.

तुमाले मी माफ केलं नाई, करणार बी नाई. तुमी म्हाताऱ्या होऊन मरा.

तुमची वैरीण,
गुणा