चर्चच्या दाराची कडी

नाना,

उद्या मी शाळेच्या मुलींना घेऊन मुरारला मुक्कामी निघते आहे. आधी फूलबाग, मग छावणीतली जुनी चर्चं, शेवटी चर्चच्याच आवारात तंबू. रस्ता तुमचाच. यंदा माझी लेकही त्या मुलींत आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सहलीच्या आदल्या दिवशी तुमच्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तुम्ही आमच्या शाळेत कवायतीचे मास्तर. शाळेत नाना म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हा तुमचा कायदा. त्या वर्षी सहलीतच होळी आली. सकाळभर बागेत हिंडून, गुलाबांना हात लावला म्हणून तुमची बोलणी खाऊन आम्ही चर्चमध्ये पोचलो. रंगीत काचांमधून फरशीवर ऊन पडलं होतं आणि आम्ही त्यात पाय ठेवून बघत होतो. बाहेर चौकीदार तुम्हाला मनोऱ्याखालचं आग्या मोहोळ दाखवत होता. इथे धूर करू नका, असं त्याने बजावलं. पण होळी चुकवणं तुमच्या रक्तात नव्हतं, आणि आईने नैवेद्याच्या पुरणपोळ्या डब्यात दिल्याच होत्या. मुलींना लवकर झोपवायचं म्हणून ऊन असतानाच तुम्ही आवाराच्या कोपऱ्यात गोवऱ्या पेटवल्यात. वर आपल्याकडची रीत म्हणून सगळ्यांना तोंडावर हात मारून बोंब ठोकायला लावलीत. हिंदी घरांतल्या मैत्रिणींना ती भलतीच आवडली. धूर वर गेला आणि माश्या खाली आल्या.

आम्ही धावतोय. चौकीदार दार धरून उभा आहे, "मास्साब, जल्दी!" सगळ्या आत येतात, आणि मग कळतं की एक मुलगी तंबूतच राहिली आहे, ताप आला म्हणून निजलेली. चौकीदाराचे दोन्ही डोळे सुजलेत, तो बाकावर कण्हतोय. तुम्ही घोंगडी डोक्यावरून घेता. दाराशी कितीतरी मुली उभ्या आहेत, पण तुम्ही माझा दंड धरता.

"कडी लाव. दार एकदाच उघडायचं, ती माझ्याबरोबर असेल तरच. मी हाक मारली तरी आधी विचारायचं."

थोड्या वेळाने हाक आलीच. "उघड गं." असा आवाज मी तुमचा कधी ऐकला नव्हता. मी विचारलं, "सर, ती आहे का?" मग तुम्ही म्हणालात, "नाही." मी उघडलं नाही. मागे मुली रडत होत्या, कुणी खोल म्हणत होती, कुणी मत खोलना. तुमची पावलं परत गेली. पुढच्या वेळी ती घोंगडीत गुंडाळलेली होती आणि तुमच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

दवाखान्यात सुजलेल्या तोंडाने तुम्ही मला शाब्बास म्हणालात. आईने मात्र तुम्हाला धारेवर धरलं. पोटची पोर दाराशी उभी केलीत, तिच्याच हातून मरायला निघालात, असं ती म्हणाली. तुम्ही एवढंच म्हणालात, "दुसऱ्याची पोर कशी उभी करू?" शाळेत सगळे आजही ते कौतुकाने सांगतात. मला त्याचा राग येतो. तुमच्या शाब्बासकीचा तर फारच येतो. तुम्ही बाहेर मेला असतात, तर ती कडी जन्मभर माझ्या हातात राहिली असती, हे तुम्हाला सुचलं कसं नाही?

तेव्हापासून मी आवारात उदबत्तीसुद्धा लावू देत नाही आणि निघण्याआधी मुलींकडून पळापळीचा सराव करून घेते. आज दुपारीही घेतला. सगळ्यांनी आत जायचं, एकीने दाराशी थांबायचं. माझी लेक पुढे येऊन म्हणाली, "आई, दरवाजे पे मी राहू ना? प्लीज." मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि मागे उभ्या असलेल्या बिर्लानगरच्या मुलीला बोलावलं. ती बिचारी खूश झाली. तिच्या आईला मी कधी पाहिलेलंही नाही.

हे तुम्हाला कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं. सकाळी बस सुटेपर्यंत अजून बदल करता येईल. मी करणार नाही, नाना.